अवघड जागेचं दुखणं

बादलीत फक्त बटाट्याची सालं होती, मेंढ्यांसाठी.
मागच्या दाराच्या तिसऱ्या पायरीवर शेवाळ धरतं,
हे मला तीस वर्षं ठाऊक होतं.
त्या सकाळी पायांना आठवलं नाही, एवढंच.

पडले. पण बसल्यासारखी पडले,
पाटावर बसावं तशी, सरळ,
आणि कण्याच्या पार शेवटच्या टोकाला
कुणीतरी काडी ओढली.

माकडहाड म्हणतात त्याला.
आमच्या फॅरो बेटांवर माकड नाही,
माकडाला चढायला झाडही नाही,
सगळं वाऱ्याने केव्हाच भादरून नेलंय.
तरी हाड आहे.
शेपटी गेली, थकबाकी मागे राहिली.

हानुस म्हणाला, आठवड्याभरात जाईल.
दोन हिवाळे गेले.

चर्चमध्ये ऑर्गन मी वाजवते.
ओकचं बाकडं, त्यावर काही घातलेलं नाही.
पाद्रीबुवा लांबण लावतात तेव्हा
मी डाव्या कुल्ल्यावरून उजव्यावर, उजव्यावरून डाव्यावर.
मार्गरेथा बाहेर सगळ्यांना सांगते,
बाई किती भक्तीने डुलते.

हानुसने फोमच्या उशीला भोक पाडून दिलं,
कॉफीचा डबा पालथा ठेवून, पेन्सिलीने आखून.
नातू म्हणाला, आजी, बोट बुडाली की हे घालायचं का?
मी म्हटलं, हो.

गावात डॉक्टर एकच. ट्रोन्डुर.
माझा जावई.
घसा दाखवलाय त्याला, रक्तदाब दाखवलाय,
एकदा जिभेवरचा फोडसुद्धा.
पण दर रविवारी जो समोर बसून
माझ्या हातचं माशाचं सूप पितो,
त्याच्यापुढे हे कसं…
मी म्हटलं, कंबर जरा धरते.
वीतभर खोटं बोलले.
त्या वीतभर खोट्यावर चौदा महिने काढले.

मग एका रविवारी भांडी पुसताना,
नजर बशीवरच ठेवून, तो म्हणाला,
तोर्सहाव्नला एलिनबोर्ग म्हणून डॉक्टर आहेत.
गुरुवारी साडेदहा. चिठ्ठी पाठवलीय.
काय लिहिलंस?
मी लिहिली, तो म्हणाला, वाचली नाही.
मग बशी फळीवर ठेवली, आणि हळूच,
वर्षभर तुम्ही सूप उभ्यानेच पिताय.

दोन तास फेरी. खिडकीशी उभी.
दवाखान्यात सात निळ्या खुर्च्या, सातही रिकाम्या.
काउंटरवरची मुलगी म्हणाली, बसा ना.
बसता आलं असतं तर आलेच नसते, बाई.
हे मनात.

कुठे दुखतं?
ओठांवर कंबर तयारच होती.
कोपऱ्यात प्लॅस्टिकचा सांगाडा टांगलेला,
मी उठले आणि त्याच्या टोकावर बोट ठेवलं.
तो लाजला नाही.

तपासताना त्या बोटीच्या रंगाबद्दल बोलत राहिल्या,
पांढरा बरा की हिरवा, दोन हात द्यावेत की तीन.
मी भिंतीकडे तोंड करून म्हटलं, तीन.
मोडलं नव्हतं. वाकलं होतं आत, गळासारखं,
आणि भोवतीचे स्नायू चौदा महिने
मूठ आवळून बसले होते.
इंजेक्शन, जमिनीवर पडून करायचे व्यायाम,
दर अर्ध्या तासाने उठायचं, पुन्हा दीड महिन्याने यायचं.
जाईल?
कमी होईल, त्या म्हणाल्या.
जाईल म्हणाल्या नाहीत,
म्हणून माझा विश्वास बसला.

काल पाच कडव्यांचं स्तोत्र होतं.
चार कडवी काहीच नाही,
फक्त हात, पाय, आणि नळ्यांतून जाणारी हवा.
पाचव्याला ते आलं,
शेजारीण येते तसं, दार न वाजवता.
ये, म्हटलं. शेवटचा स्वर मात्र पूर्ण धरला.

दुपारी ट्रोन्डुरने काही विचारलं नाही.
भोकाची उशी खुर्चीवर ठेवली,
खुर्ची जराशी मागे ओढली.
मी बसले. सूप थोडं गार झालं होतं.
रुबार्बचा मुरंबा त्याच्याकडे सरकवला.